परक्या दुःखाचा अधिकार

नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थेत प्रवेश मागणाऱ्या किंवा एखाद्या नाटकात भूमिका मिळावी म्हणून अर्ज करणाऱ्या उमेदवाराला परीक्षकांपुढे उभे राहून दोनतीन मिनिटांचे एक भाषण म्हणून दाखवावे लागते; त्या भाषणाला हल्ली सर्वत्र मोनोलॉग आणि त्या एकंदर सोपस्काराला ऑडिशन असे म्हणतात, आणि 1959 साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेपासून मुंबईतल्या एखाद्या मालिकेच्या पात्रनिवडीपर्यंत ही रीत तपशिलाच्या थोड्याफार फरकाने एकच आहे. इतर कोणत्याही उमेदवारीत माणसाने आपली लायकी आपल्याच नावाने सिद्ध करावयाची असते: कारकुनाच्या जागेसाठी आलेला मनुष्य आपले दाखले पुढे करतो, शिक्षकाच्या जागेसाठी आलेला आपल्या विषयावर बोलतो. येथे मात्र उमेदवाराला असे सांगण्यात येते की, तू कोण आहेस हे आम्हांस कळावे म्हणून तू थोडा वेळ दुसरा कोणीतरी हो; आणि तो दुसरा कोण, हेही बहुधा तूच ठरव. या विलक्षण मागणीत तत्त्वज्ञानाचा जो प्रश्न दडलेला आहे, त्याचा विचार रंगभूमीवरील मंडळी धांदलीमुळे करीत नाहीत आणि तत्त्वज्ञानातील मंडळी नाटकाला फारशी जात नाहीत म्हणून करीत नाहीत.

निवड कशी करावी याविषयी अनुभवी लोकांचे सल्ले ठरलेले आहेत आणि ते बव्हंशी योग्यही आहेत. उतारा आपल्या आवाक्यातला असावा. तो ज्या नाटकातला असेल ते नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे. त्या उताऱ्यात काहीतरी घडावे, म्हणजे बोलणारा ज्या जागी आरंभ करतो त्याच जागी शेवटी उभा राहिलेला नसावा. दोन उतारे मागितले असतील तर एकाची छाया दुसऱ्यावर पडू नये. आणि दर तिसरा उमेदवार जे म्हणतो ते आपण म्हणू नये. परंतु कोणते भाषण चालेल, एवढेच हे सल्ले सांगतात. ज्याने पुत्र गमावलेला नाही त्याने पुत्रशोक कोणत्या हक्काने करावा, जिला कोणी घराबाहेर काढलेले नाही तिने परित्यक्तेच्या तोंडचे 'मी' कोणत्या आधारावर उच्चारावे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. आपल्या परंपरेत अशा प्रश्नाला अधिकाराचा प्रश्न म्हणतात. सदानंदांचा 'वेदान्तसार' हाती घेतला, तर मुख्य प्रतिपादनाला हात घालण्यापूर्वीच अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार अनुबंधांची चौकशी होते, आणि त्यांतही पहिला मान अधिकाऱ्याचा: हे शास्त्र कोणासाठी आहे, आणि कोणत्या तयारीच्या माणसाने ते हाती घ्यावे? ब्रह्मजिज्ञासेला जी चौकशी आवश्यक वाटली, ती परक्याच्या दुःखाला आपला कंठ देताना अनावश्यक ठरावी, हे मला पटत नाही.

अधिकाराचा सर्वांत भाबडा निकष म्हणजे वय आणि देह. 1970 च्या डिसेंबरात वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककाराचे वय 58 वर्षांचे होते खरे, परंतु वृद्ध गणपतराव बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते, आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे तोवर शस्त्रक्रियेच्या व्यवसायात गेली होती. त्यापूर्वी अर्धशतक, 1919 साली, गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधली मद्यप्याची सोशिक पत्नी सिंधू महाराष्ट्राने पाहिली ती तिशीतल्या एका पुरुषाच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, देहातून. तेव्हा वयाची वा देहाची अट परीक्षेच्या सोयीसाठी ठेवावी, तत्त्व म्हणून ती टिकत नाही. विशीतला उमेदवार बेलवलकरांचे स्वगत निवडतो आणि पडतो, त्याचे कारण त्याचे कोवळे वय नसते. त्या स्वगताला आजवर पडलेल्या टाळ्या त्याच्या कानांत असतात, पूर्वीच्या थोर नटांनी त्यातल्या कोणत्या शब्दावर आवाज चढवला आणि कोठे सोडला याची वहिवाट त्याच्या जिभेवर असते, आणि त्या गर्दीत ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले आहे तो म्हातारा त्याच्या दृष्टीसही पडलेला नसतो. त्याने एक कीर्ती निवडलेली असते, आणि कीर्तीचे पाठांतर करता येते, तिचा अभिनय करता येत नाही.

वय सोडले, देह सोडला, तर मग दुःख स्वतः भोगलेले असणे, हा तरी निकष मानावा काय? या मताचा पुरस्कार करणाऱ्यांच्या बाजूने एक फार जुनी साक्ष आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने पोलस नावाच्या ग्रीक नटाची हकीकत नमूद करून ठेवली आहे. पोलसचा लाडका मुलगा वारला. शोकाचे दिवस उलटल्यावर तो अथेन्सच्या रंगभूमीवर परतला, तो सोफोक्लीजच्या 'इलेक्ट्रा'मधील नायिकेच्या भूमिकेत. आणि ज्या प्रसंगी इलेक्ट्रा आपला भाऊ ओरेस्टीज याचा अस्थिकलश उराशी धरून विलाप करते, त्या प्रसंगासाठी त्याने आपल्या मुलाचा खरा अस्थिकलश थडग्यातून आणवला आणि तो कवटाळून आक्रोश केला. गेलियसला ही गोष्ट कौतुकाची वाटते, आणि भावनेच्या स्मरणातून अभिनय उभा करू पाहणाऱ्या अर्वाचीन शिक्षणपद्धतींचा पूर्वज म्हणून पोलसला उभे करता येईल हेही उघड आहे.

मला मात्र पोलसचा तो प्रयोग, माणूस म्हणून त्याच्याविषयी करुणा वाटूनही, नाटकाच्या दृष्टीने चुकलेला वाटतो. सोफोक्लीजच्या नाटकात तो कलश खोटा आहे. ओरेस्टीज जिवंत आहे. एवढेच नव्हे तर अनोळखी माणसाच्या रूपाने तो त्याच क्षणी बहिणीसमोर उभा आहे. प्रेक्षकांना हे ठाऊक आहे, फक्त इलेक्ट्राला ठाऊक नाही. तिचे दुःख फसवल्या गेलेल्या माणसाचे दुःख आहे; ज्याला उद्देशून ती रडते तो दोन हातांवर उभा राहून ते ऐकत आहे, आणि ऐकता ऐकता त्याचा संयम सुटत आहे, हे त्या प्रसंगाचे सारे मर्म आहे. पोलसच्या हातात खऱ्या अस्थी आल्या आणि त्यासरशी ऐकणारा ओरेस्टीज रंगमंचावरून नाहीसा झाला. उरला तो एक पुत्रशोकाने विदीर्ण झालेला बाप, ज्याच्याकडे पाहणे हे नाटक पाहणे नव्हे. याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. 1911 च्या मार्च महिन्यात खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही त्या रात्री ते भामिनीची शृंगारिक, मानी, हसतीखेळती भूमिका करून गेले. या प्रसंगाची आपल्याकडे बहुधा कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून आठवण काढली जाते. ती निष्ठा होतीच. परंतु तिच्यापेक्षा मला त्यात जास्त महत्त्वाचे असे काही दिसते, ते हे की त्या रात्री भामिनीचे मन बालगंधर्वांच्या मनाच्या ताब्यात गेले नाही, तिचा स्वतःचा स्वभाव तिला मिळाला.

अभिनवगुप्तांनी रसास्वादाला येणारी जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन जाणे हे एक आहे. ते विघ्न त्यांनी सहृदय प्रेक्षकासंबंधाने सांगितले, हे खरे. तरी उमेदवाराच्या बाबतीत ते शतगुणित होते असे मला वाटते, कारण परीक्षेच्या त्या खोलीत उमेदवाराइतका स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेला दुसरा प्राणी नसतो. भट्टलोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक यांचे रस नेमका कोठे असतो याविषयीचे वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही; मूळ रामात असतो, की त्याचे अनुकरण करणाऱ्या नटात अनुमानाने मानावयाचा, की पाहणाऱ्याच्या चित्तात भोगला जातो, यांपैकी कोणताही पक्ष घेतला तरी नटाने आपले खासगी दुःख बाजारात मांडावे असे कोणीच म्हटलेले नाही. दुसऱ्या टोकाला अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो उभा आहे, त्याच्या मते थोर नटाला मुळी काही वाटताच कामा नये. हे मत ऐकायला चमकदार आहे आणि अर्धेच खरे आहे. भरतमुनींनी अधिक समंजसपणे या दोहोंच्या मधला मार्ग सांगितला: अश्रू, रोमांच, कंप, स्वरभेद आदी आठ सात्त्विक भावांचे मूळ 'सत्त्व' आहे, आणि सत्त्व निपजते ते मनाच्या एकाग्रतेतून. ज्याला दुःख झालेले नाही त्याने दुःखाचे अश्रू कसे आणावेत, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आणि त्याचे उत्तर म्हणून नटाला भूतकाळातल्या आपल्या जखमा उकलण्यास न सांगता चित्त स्थिर करण्यास सांगितले.

एकाग्रता, पण कशावर? माझ्या मते अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर येथेच सापडते. नटाची अवस्था वकीलपत्र घेतलेल्या माणसासारखी आहे. वकिलाच्या अंगावर तो गुन्हा घडलेला नसतो, त्याचे घर जप्त झालेले नसते. तरीही त्याला बोलण्याचा अधिकार पोहोचतो, कारण त्याने दफ्तर वाचलेले असते, समोर कोण बसले आहे हे त्याला माहीत असते, आणि आपल्याला नेमकी कोणती दाद मागावयाची आहे याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. फरक इतकाच की वकिलाला 'माझे अशील' असे म्हणण्याची मुभा असते, नटाला 'मी' असेच म्हणावे लागते. कोणाशी आणि कशासाठी, या दोन गोष्टी ज्याला स्पष्ट आहेत त्याला दुसऱ्याचे 'मी' उच्चारण्याचा अधिकार आहे. ज्याला त्या स्पष्ट नाहीत त्याने ते दुःख हजार वेळा भोगलेले असले तरी नाही.

आपल्या प्राचीन नाट्यशास्त्राने हे ओळखले होते. रूपकाच्या दहा प्रकारांत 'भाण' नावाचा जो प्रकार आहे, त्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकच पात्र असते. आणि स्वतःचा अनुभव सांगणारा व दुसऱ्याचे वृत्त वर्णन करणारा असे त्याचे दोन भेद भरतांनी केले आहेत. 1922 साली 'चतुर्भाणी' या नावाने प्रसिद्ध झालेले चार जुने भाण, त्यांतही श्यामिलकाचा 'पादताडितक', वाचून पाहावेत. एकटा विट, म्हणजे भाणातला चतुर, रंगेल नायक, रस्त्याने चालला आहे, पण तो एक क्षणही एकटा बोलत नाही. कोणी खिडकीतून हाक मारतो, कोणी वाट अडवतो, कोणी टोमणा मारतो. हे सारे लोक अदृश्य असतात, त्यांचे बोलणे फक्त त्यालाच ऐकू येते, ते ऐकल्याचे तो दाखवतो, त्यांचाच प्रश्न पुन्हा उच्चारतो आणि त्याला उत्तर देतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात. नाटकातले स्वगत वेगळे, आकाशभाषित वेगळे. आणि ऑडिशनसाठी जे निवडले जाते त्याला आपण सरसकट स्वगत म्हणत असलो तरी त्यातला बहुतेक भाग खरोखर आकाशभाषिताच्या सदरात जमा व्हावयास पाहिजे. आपल्याशीच बोलणारा मनुष्यसुद्धा आपल्यातल्या कोणा एकाला काही पटवून देत असतो.

रंगभूमी बाजूला ठेवून मराठी वाङ्मयात अशा एकतर्फी भाषणाचा सर्वांत मोठा साठा शोधू लागलो, तर तो अभंगांच्या गाथ्यांत सापडेल. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला नावे ठेवतात, हिशेब विचारतात, पुन्हा पायांवर डोके ठेवतात; आणि विठ्ठल विटेवर उभा राहून काही बोलत नाही. तरी त्या अभंगांचा कोणताही सावध वाचक सांगेल की त्या मौनाचे रूप प्रत्येक अभंगात वेगळे आहे: कधी ते निष्ठुर आहे, कधी कौतुकाचे, कधी केवळ उशीर करणारे, आणि तुकोबांच्या एका ओळीतून दुसरी निघते ती समोरच्याच्या मौनात झालेल्या या बदलामुळे. नास्तिक म्हणेल की प्रार्थना हे माणसाचे स्वतःशीच चाललेले बोलणे आहे. श्रद्धावान म्हणेल की ऐकणारा आहेच. हा वाद येथे सुटणार नाही आणि तो मिटवण्याची जबाबदारी नाट्यपरीक्षेवर टाकणेही योग्य नाही. परंतु ऐकणारा आहे असे ज्याच्या बोलण्याच्या हाडामासात भिनलेले आहे त्याचे बोलणे, आणि कोणी ऐकत नाही अशा खात्रीने केलेले बोलणे, यांत जो फरक आहे तो दोन्ही पक्षांच्या कानांना सारखाच ऐकू येतो. भक्ताचा विश्वास खरा असतो आणि नटाला समोरची भिंत रिकामी असल्याचे ठाऊक असते, हे अंतर लपवू नये. पण ते अंतर काटण्याचा एक अभ्यास धर्माच्याच पोटात आहे. मानसपूजेत मूर्ती नसते, पाणी नसते, फूल नसते. तरी स्नान, गंध, फूल, नैवेद्य हा क्रम एकही उपचार न गाळता मनाने करावयाचा असतो, आणि घाईने केलेली मानसपूजा इतर कोणाला कळली नाही तरी करणाऱ्याला कळते.

मोनोलॉगची तयारी याच जातीची आहे. आपण ज्याच्याशी बोलतो तो बसला आहे की उभा. त्याचे डोळे आपल्याकडे आहेत की त्याने मान फिरवली आहे. आपण तोंड उघडले त्याच्या आधीच्या घटकेला तो काय बोलला, कारण उताऱ्याचे पहिले वाक्य हे बहुधा कोणत्यातरी न ऐकू आलेल्या वाक्याचे उत्तर असते. आपण जे मागतो ते त्याने दिले तर आपण कोणत्या शब्दावर थांबू. आणि तो देत नाही म्हणून आपण कोठे सूर बदलतो. एवढे पक्के झाल्यावर हात कोठे ठेवावा हा प्रश्न फारसा उरत नाही. सरावलेले परीक्षक पुष्कळदा एक खोडी करतात: उमेदवाराने भावनेने ओथंबलेले भाषण संपवले की म्हणतात, आता हेच तुझ्या धाकट्या भावाला, तो झोपेत असताना सांगतो आहेस असे म्हण. ज्याने भावना पाठ केलेली असते तो येथे गडबडून जातो, आणि ज्याने माणूस पाहिलेला असतो त्याला फक्त दुसरा माणूस पाहावा लागतो. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) या नाटकातील लीला बेणारे हिचे शेवटचे प्रदीर्घ भाषण मुली वारंवार निवडतात; सुलभा देशपांडे यांनी गाजवलेले ते भाषण निवडण्यास माझी हरकत नाही, परंतु ज्या खेळातल्या न्यायालयाने तिला निवेदनासाठी अवघ्या 10 सेकंदांची मुदत दिली आहे ते न्यायालय त्या वेळी गोठून उभे असते, आणि भाषण संपल्यावर आरोपीला काहीच सांगावयाचे नाही अशी नोंद होते, हे बहुतेक जणी विसरतात. बेणारेचे शब्द कोणाच्याही कानी पडलेले नाहीत. जिने हे लक्षात ठेवले तिचा आवाज आपोआप वेगळ्या जागेवरून येईल.

निवडीच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठी शेक्सपिअरकडे जाणे भाग आहे, कारण त्याने 'हॅम्लेट'मध्ये एक ऑडिशनच लिहून ठेवली आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने 1883 साली मराठीत आणलेले आणि गणपतराव जोशांनी गाजवलेले ते नाटक आपल्या वाचकांस अपरिचित नाही. फिरते नट राजवाड्यात येतात. हॅम्लेट त्यांच्यातल्या प्रमुखाला आपल्या कसबाचा मासला म्हणून एक भाषण करावयास सांगतो, आणि कोणते भाषण हेही स्वतःच सांगतो: ट्रॉय जळत असताना, बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून पिऱ्हस वृद्ध राजा प्रायमला कसा कापून काढतो आणि राणी हेक्युबा पतीच्या प्रेताभोवती कशी आकांत करते, याचे वर्णन. पोलोनियस कंटाळून म्हणतो की हे फार लांबले. नटाचा चेहरा मात्र उतरतो, डोळे भरून येतात. आणि तो गेल्यावर हॅम्लेट स्वतःला विचारतो की हेक्युबाचे आणि या माणसाचे असे कोणते नाते आहे, की याने तिच्यासाठी रडावे?

या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तो प्रश्न जितका नटाला लागू आहे तितकाच निवड करणाऱ्यालाही आहे, इकडे लक्ष द्यावयास हवे. जगातल्या सगळ्या भाषणांतून हॅम्लेटला नेमके हेच का आठवले? कारण त्याचाही बाप मारला गेला आहे, सूड त्याच्याच्याने घेववत नाही, आणि त्याची आई हेक्युबासारखी आकांत न करता महिना दोन महिन्यांत दुसऱ्याशी विवाह करून मोकळी झाली आहे. त्याने रसिकतेने एक उतारा निवडला अशी त्याची समजूत आहे. वास्तविक त्याने सर्वांसमक्ष जबानी दिलेली आहे. निवडणारा स्वतःला लपवू शकत नाही. म्हणून उमेदवाराने आपल्या दुःखाशी जुळणारा उतारा मुद्दाम हुडकीत बसण्याची गरज नाही: जे त्याच्या आत आहे ते निवडीतून, अगदी हास्यकारक उताऱ्याच्या निवडीतूनही, बाहेर पडल्यावाचून राहत नाही. तयारीत त्याने स्वतःची चिंता वाहू नये असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे. ती चिंता अनावश्यक आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यावा. दुसऱ्याचे 'मी' उच्चारण्याचा अधिकार लक्ष देण्याने मिळतो असे म्हटले, तर ज्यांचे बोलणे शतकानुशतके इतरांनीच केले त्यांनी काय म्हणावे? पैठणच्या एकनाथांनी (1533–1599) आपल्या भारुडांत जोशी, वासुदेव, जोगवा मागणारी, आंधळा, महार अशा नाना लोकांची सोंगे घेतली. राजदरबारच्या कागदपत्रांचे घाट उचलून अर्जदस्त लिहिले, अभयपत्रे लिहिली. आणि 'जोहार' लिहिले, ज्यांत महाराच्या तोंडून नाथ गावाच्या पाटलापासून देवापर्यंत सर्वांना कानपिचक्या देतात. परंतु जोहार हा प्रकार नाथांच्या आधी चोखोबांचा आहे, आणि चोखोबांनी तो म्हटला तो पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहून, कारण आत जाण्याची त्यांना बंदी होती. दोन्ही जोहार एकाच देवाला पोहोचले असे आपण सोयीने म्हणतो. मंगळवेढ्याची कूस 1338 साली कोसळली तेव्हा तिच्याखाली चोखोबा सापडले, सोंग नव्हे. नाथांनी आपल्या काळात जी हिंमत दाखवली ती मोठी होती, आणि त्यांचा महार कोणाची दया मागत नाही, उलट ऐकणाऱ्यालाच उभा करून जाब विचारतो, म्हणून त्यांचे वकीलपत्र मी खरे मानतो. ज्या उमेदवाराला आपल्या वाट्याला न आलेल्या अपमानाचे भाषण निवडावयाचे आहे त्याने हीच कसोटी लावावी: त्या भाषणातल्या माणसाला काय हवे आहे हे मला दिसते, की त्याचे किती वाईट झाले एवढेच दिसते? दुसरे असेल तर त्याने ते भाषण सोडून द्यावे. तसे भाषण परीक्षकांना रडवीलही, पण त्यात त्या माणसाचा उपयोग करून घेतलेला असतो. आणि ज्यांनी तो अपमान भोगला त्यांच्यापैकी कोणी रांगेत उभा असेल, तर त्याला ब्रूटसचे किंवा दुष्यंताचे भाषण निवडण्याची तितकीच मुभा आहे की नाही, हेही एकदा परीक्षकांनी स्वतःला विचारावे.

राहता राहिला निकाल. प्लेटोच्या 'आयन' या संवादात होमरचे काव्य म्हणून दाखवणारा आयन सॉक्रेटिसजवळ कबूल करतो की करुण प्रसंग म्हणताना आपले डोळे भरून येतात, आणि त्याच वेळी आपण व्यासपीठावरून श्रोत्यांचे चेहरे निरखत असतो, कारण ते रडले तर आपण पैसे मोजताना हसणार आणि ते हसले तर आपल्यावर रडण्याची पाळी येणार. ऑडिशनमधल्या उमेदवाराची नजर परीक्षकाच्या लेखणीवर असते तेव्हा त्याची स्थिती याहून निराळी नसते. गीतेने कर्मावर अधिकार सांगितला आणि फळावर नाकारला, त्याचा अर्थ पुष्कळजण उदासीनतेकडे ओढतात. मला तो कार्यक्षेत्राच्या सीमेचा निर्णय वाटतो. जो उमेदवार समोरच्या रिकाम्या जागेत माणूस उभा करतो त्याचे अधिकारक्षेत्र त्या माणसापर्यंत आहे. लेखणीपर्यंत ते जात नाही, आणि तिकडे पाहण्यासाठी त्याने मान वळवली की तो माणूस तेथून निघून जातो.

परंतु लेखणी ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठीही 'हॅम्लेट'मध्ये एक सूचना आहे. नटाचे भाषण संपल्यावर हॅम्लेट पोलोनियसला या मंडळींची उत्तम व्यवस्था ठेवण्यास सांगतो. पोलोनियस म्हणतो, त्यांच्या लायकीप्रमाणे ठेवीन. आणि राजपुत्र त्याच्यावर उखडतो, कारण लायकीप्रमाणेच वागवावयाचे ठरले तर फटक्यांतून कोणीच सुटणार नाही. नाट्यसंस्थांच्या परीक्षकांना माझी विनंती याहून लहान आहे. सकाळपासून तेच बेलवलकर आणि तीच बेणारे ऐकून तुम्ही थकला असाल, हे मान्य. तरी उमेदवाराला त्याची दोन मिनिटे पुरी बोलू द्या, अर्ध्यावर धन्यवाद म्हणू नका, आणि तो बोलत असेल तोवर कागदावर काही लिहू नका.